वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे: उपकरणांनी बसवलेला चावा किती वर्षं टिकतो?

रानजाई (नाशिक)

नमस्कार. माझी मुलगी साडेअकराची आहे. वरचे पटाशीचे दात पुढे आलेत, खालचा जबडा मागे आहे, ओठ मिटायचे तर हनुवटीवर सुरकुत्या पडतात. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं तेव्हा वरच्या आणि खालच्या दातांमधलं आडवं अंतर ८ मिलिमीटर भरलं. दोन-तीन मिलिमीटर असायला हवं, असं ते म्हणाले.

दोन ठिकाणी दाखवलं, दोन मतं मिळाली. पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं, आत्ताच ट्विन ब्लॉक नावाचं काढता-घालता येणारं उपकरण वापरायला सुरुवात करायची म्हणजे खालचा जबडा पुढे येईल, आणि त्यानंतर तारा. दुसऱ्यांचं म्हणणं, सगळे कायमचे दात येऊ देत, मग वरच्या दोन उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढा, काढून तारा लावू, एकदाच काय तो उपचार.

खर्चाची तयारी आहे. माझा प्रश्न वेगळाच आहे. माझ्या नणंदेने कॉलेजात असताना तारा लावल्या होत्या. लग्नाच्या फोटोत दात अगदी एका रेषेत दिसतात, आज खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढलेत. मग एवढं करून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात मिटल्यावर एकमेकांवर बसतात ते, खरोखर दुरुस्त होतो का, की दात नुसते कलतात? आणि झालेला बदल वीस वर्षांनी शिल्लक राहतो का? ज्यांनी हे केलंय आणि ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मोहर (पुणे)

रानजाई, माझ्या मुलाने ट्विन ब्लॉक वापरलाय, त्यामुळे घरात काय होतं ते सांगते.

ॲक्रिलिकचे दोन भाग असतात, एक वर बसतो, एक खाली. दोन्हींवर दाढांच्या जागी ठोकळे असतात आणि त्यांच्या कडा तिरप्या असतात. तोंड मिटलं की खालचा ठोकळा वरच्याच्या पुढे बसतो, त्यामुळे खालचा जबडा आपोआप पुढे येऊन थांबतो. जेवतानाही घालायचा असतो, आणि तिथेच पहिला आठवडा परीक्षा असते. लाळ गळते, ‘स’ आणि ‘श’ धड येत नाही, शाळेत वाचन करायला उभं राहायला मुलगा तयार नव्हता. वरण-भात, मऊ खिचडी, दहीपोहे यावर निभावलं. नंतर तो पोळी-भाजीही घालूनच खायला लागला.

एक गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती म्हणून मुद्दाम लिहिते. काही महिन्यांनी उपकरण काढून बघितलं तर समोरचे दात छान जुळलेले आणि मागच्या दाढा मात्र एकमेकींना टेकेनात, दोन्ही बाजूंना फट! मी घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाले, हे अपेक्षितच आहे. मग दर भेटीत ते वरच्या ठोकळ्याखालचं ॲक्रिलिक थोडं थोडं घासत गेले, खालच्या दाढांना वर यायला जागा मिळाली आणि फट भरत गेली. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका.

आता तारा काढूनही काही वर्षं झाली. चावा जागेवर आहे. दात जागेवर धरून ठेवणारा रात्रीचा रिटेनर चालू आहे.

निंबोणी (कोल्हापूर)

मी ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे दातांची आणि जबड्यांची ठेवण सुधारणारी दंतवैद्य आहे, रोज हेच काम करते. रानजाईताईंचा प्रश्न योग्य आहे आणि तो फार कमी पालक विचारतात. बहुतेकांना ‘किती दिवस लागतील’ एवढंच हवं असतं.

आधी चावा म्हणजे काय ते बघू. १८९९ साली अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले, ते आजही चालतात. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ हा त्यांचा आधार. वरची आणि खालची दाढ योग्य जागी जुळते पण पुढचे दात वेडेवाकडे आहेत, हा पहिला वर्ग. खालची दाढ मागे पडलेली, हा दुसरा, आणि तुमची मुलगी बहुधा याच वर्गात मोडते. खालची दाढ पुढे गेलेली, हा तिसरा. पण एकाच वर्गातल्या दोन मुलांची कारणं वेगळी असू शकतात. एकीचे नुसते दात पुढे कललेले असतात, दुसरीचा जबडाच मागे असतो. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर, म्हणजे सेफालोग्रामवर, रेषा आखून कोन मोजले की हे कळतं. तो काढला नसेल तर आधी काढून घ्या, त्याशिवाय दोन मतांत निवड करता येणार नाही.

आता दात सरकतो कसा? तारेने किंवा उपकरणाने हलका दाब सतत राहिला की ज्या बाजूला दात दाबला जातो तिथलं हाड पेशी खाऊन टाकतात, आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवीन हाड तयार होतं. साधारण महिन्याला १ मिलिमीटर हा वेग आहे. जोर वाढवून वेग वाढत नाही. उलट दाबाखालच्या भागाचा रक्तपुरवठा बंद होतो, दात अडून बसतो आणि मुळं झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘सहा महिन्यांत करून द्या’ म्हणणाऱ्या पालकांना मी नाही म्हणते.

‘जबडा पुढे येतो की दात कलतात’ याचं सरळ उत्तर: दोन्ही होतं, आणि त्यात दातांचा वाटा मोठा असतो. वरचे दात मागे येतात, खालचे थोडे पुढे कलतात, आणि उरलेलं काम जबड्याच्या वाढीने होतं. ‘या उपकरणाने हनुवटी कायमची इतकी पुढे येईल’ असं कुणी मिलिमीटरमध्ये सांगत असेल तर तो शब्द मानू नका. पण आडवं अंतर ८ वरून ३ वर येणं, ओठ सहज मिटणं, खालचे दात वरच्या टाळूला न लागणं, हे सगळं खरोखर होतं आणि रोज होताना दिसतं.

यॉर्कशायरकर (लीड्स)

इथे ब्रिटनमध्ये ट्विन ब्लॉक फारच रुळलेला आहे. तो शोधलाच स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी, १९७७ च्या सुमारास. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत मुलांना ऑर्थोडोंटिक उपचार मोफत मिळतात, पण गरजेच्या श्रेणीवर. आडवं अंतर ६ मिलिमीटरच्या वर असेल तर चौथी श्रेणी, ९ च्या वर असेल तर पाचवी, म्हणजे सर्वांत जास्त गरजेची. म्हणजे रानजाई यांची मुलगी इथे असती तर तिला उपचार मिळाले असते.

पण मला एक सांगावंसं वाटतं. माझ्या मुलीच्या वेळी मी बरंच वाचलं. मँचेस्टरच्या केव्हिन ओब्रायन यांच्या गटाने आठ ते दहा वर्षांच्या १७४ मुलांवर चाचणी केली. अर्ध्यांना लगेच ट्विन ब्लॉक, अर्ध्यांना थांबायला सांगितलं. २००३ मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा उपकरणवाल्या मुलांचं अंतर बरंच कमी झालेलं होतं. पण २००९ मध्ये, सगळ्यांचे उपचार पूर्ण झाल्यावर, दोन्ही गटांत फरक उरला नाही. लवकर सुरू केलेल्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या मात्र जास्त झाल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या चाचणीतही हेच दिसलं. मग दुसरे डॉक्टर ‘थांबा’ म्हणताहेत ते बरोबर नाही का?

रानजाई

हे वाचून मी अजून गोंधळले. लवकर करून उपयोग नसेल तर आत्ता कशाला?

निंबोणी

यॉर्कशायरकर, माहिती बरोबर आहे, आणि ही चाचणी आमच्या क्षेत्रात महत्त्वाची मानतात. पण ती रानजाईताईंच्या मुलीला लागू करताना वय बघायला हवं. त्या चाचणीतला ‘लवकर’ म्हणजे आठ ते दहा. आणि ज्यांना थांबवलं त्यांनाही पुढे किशोरवयात उपचार मिळालेच. म्हणजे प्रश्न होता, आठव्या वर्षी एकदा आणि तेराव्या वर्षी पुन्हा असं दोनदा करून जास्त मिळतं का. उत्तर आलं, नाही.

ही मुलगी साडेअकराची आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आगेमागे, मुलांची चौदाव्याच्या. खालचा जबडाही त्याच सुमारास भराभर वाढतो. वाढीचं उपकरण याच काळात घालावं, असं आम्ही मानतो. तिची पाळी सुरू झाली आहे का, वर्षभरात उंची किती वाढली, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांना अंदाज येतो. सेफालोग्रामवर मानेच्या मणक्यांचा आकारही दिसतो, त्यावरून वाढ कुठवर आली आहे ते कळतं. त्यासाठी वेगळा एक्स-रे लागत नाही. म्हणजे पहिले डॉक्टर ज्याला ‘आत्ता’ म्हणताहेत ते लवकर नाही, वेळेवर आहे.

एक अपवाद सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांमध्येही एका कारणासाठी लवकर उपचाराचा फायदा दिसलेला आहे: पुढे आलेले दात पडून-धडपडून मोडण्याचं प्रमाण कमी होतं. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यातही ते आहे. त्यामुळे मूल फार धडपडं असेल, किंवा वर्गात दातांवरून चिडवून चिडवून रडकुंडीला आणत असतील, तर मी दहाव्या वर्षाची वाट बघत नाही. मँचेस्टरच्याच चाचणीत लवकर उपचार घेतलेल्या मुलांचा आत्मविश्वास वाढल्याचं आढळलं होतं. माझ्या लेखी ते लहान कारण नाही.

आणि ट्विन ब्लॉकची खरी अडचण वेगळीच आहे. मुलं तो घालत नाहीत! ओब्रायन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात अकरा ते चौदा वयाच्या मुलांमध्ये सुमारे एक तृतीयांश मुलांनी ट्विन ब्लॉक अर्ध्यात सोडला. दातांना चिकटवून बसवायच्या हर्ब्स्ट उपकरणात हेच प्रमाण सुमारे १३ टक्के होतं. मुलगी स्वतः तयार आहे का, हे तिला एकटीला विचारा. आईबाबा समोर असले की मुलं मान हलवतात.

आडवाट (ठाणे)

रानजाईंच्या नणंदेचं जे झालं तेच माझं. नव्वदच्या दशकात तारा लावल्या, चार उपदाढा काढल्या, चावा उत्तम बसला. तारा काढल्यावर टाळूला बसणारी तारेची प्लेट मिळाली आणि वर्षभर रात्री घालायला सांगितली. मी सांगितलं तेवढं वर्ष इमानाने घातली. नंतर बंद, कारण बंद करायलाच सांगितलं होतं.

तिशीपर्यंत सगळं ठीक होतं. मग खालचे समोरचे चार दात हळूहळू सरकायला लागले. आज मधले दोन एकमेकांच्या मागे-पुढे आहेत. ब्रश आत पोचत नाही, तिथे दर काही महिन्यांनी किटण चढतं. गंमत म्हणजे दाढा मात्र अजून जशाच्या तशा जुळतात आणि वरचे दातही पुढे गेलेले नाहीत. अक्कलदाढेने ढकललं असेल असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

निंबोणी

आडवाट, ‘दाढा मात्र अजून जशाच्या तशा जुळतात’ या तुमच्या वाक्यात या धाग्याच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. चावा टिकणं आणि दात एका रेषेत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचं आयुष्यही वेगळं असतं.

दाढा एकमेकींच्या खाचांत नीट बसल्या की त्या एकमेकींना धरून ठेवतात. म्हणून दुसऱ्या वर्गाचा नीट बसवलेला चावा बहुतेकांत चांगला टिकतो. खोल चावा, म्हणजे वरच्या दातांनी खालचे झाकून टाकणं, थोडा परत येतो. समोरची फट, म्हणजे दाढा मिटल्या तरी पुढचे दात न टेकणं, ही सर्वांत अवघड. गिळताना जीभ मधे येत राहिली किंवा नाकाऐवजी तोंडाने श्वास चालू राहिला तर बंद केलेली फट पुन्हा उघडते. आणि खालच्या समोरच्या दातांची रेष सगळ्यांत आधी बिघडते.

वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. रिटेनर थांबवून दहा वर्षं झाल्यावर खालच्या दातांची रेष समाधानकारक राहिलेले ३० टक्क्यांहून कमी होते. वीस वर्षांनी उरले १० टक्के. १९८१ आणि १९८८ साली हे छापून आलं आणि ‘वर्षभर रिटेनर पुरे’ ही समजूत मोडली. पण छापून आलेलं प्रत्येक दवाखान्यात पोचायला वेळ लागतो, त्यामुळे तुमच्या वेळी तुम्हाला जे सांगितलं ते त्या काळच्या रिवाजाला धरूनच होतं.

का सरकतात? एक तर दाताभोवतीचे तंतू. दाताला हाडाशी बांधणारे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागी जुळवून घेतात. हिरडीतले तंतू मात्र फार चिवट. नॉर्वेच्या रायटान यांनी १९६० च्या दशकातच दाखवलं होतं की आठ महिने उलटूनही ते ताणलेलेच असू शकतात. गोल फिरलेला दात सरळ केला असेल तर हेच तंतू त्याला परत ओढतात. दुसरं कारण वय. ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत त्यांच्याही खालच्या दातांची जागा वयाबरोबर आक्रसत जाते. ती म्हातारपणापर्यंत चालणारी गोष्ट आहे, तुमच्या उपचाराचं अपयश नाही.

अक्कलदाढेवर बिचारीवर उगाच आळ येतो. ब्रिटनमध्ये १९९८ साली चाचणी छापून आली: उपचार झालेल्या काही मुलांच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या, आणि पाच-साडेपाच वर्षांनी खालच्या दातांच्या दाटीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ती किडली, तिच्याभोवती सारखी सूज आली तर जरूर काढा. दात सरकू नयेत म्हणून काढू नका.

केळफूल (रत्नागिरी)

माझ्या मुलाचं उलटं आहे. वय आठ, खालचे दात वरच्यांच्या पुढे. घरात सगळे म्हणतात आजोबांची हनुवटी अशीच आहे, मोठा झाला की बघू. डॉक्टर म्हणतात, टाळू रुंद करायचा स्क्रू बसवून तोंडावर लावायचा मास्क द्यायचा. एवढ्या लहान मुलाला? या धाग्यावर ‘लवकर करून उपयोग नाही’ वाचून आमच्या घरी पुन्हा वाद सुरू झालाय.

निंबोणी

केळफूल, इथे हिशोब उलटा आहे. खालचा जबडा मागे असेल तर वाढ आपल्या बाजूची असते, थांबून चालतं. खालचा पुढे असेल तर वाढ आपल्या विरोधात जाते, आणि मुलांमध्ये ती अठरा-वीस वर्षांपर्यंत चालू राहते. मास्कने वरचा जबडा पुढे ओढायचा तर तो जिथे कवटीच्या इतर हाडांना जोडलाय ते सांधे अजून सैल हवेत. दहाच्या आत ते असतात.

ब्रिटनमध्ये सात ते नऊ वर्षांच्या ७३ मुलांवर अशा मास्कची चाचणी झाली. २०१६ मध्ये त्या मुलांचा पंधराव्या वर्षीचा निकाल आला. मास्क न वापरलेल्यांपैकी ६६ टक्के मुलांना पुढे जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज दिसत होती, मास्क वापरलेल्यांमध्ये ३६ टक्के. म्हणजे हमी नाही, पण शक्यता जवळपास निम्मी होते. आजोबांची हनुवटी तशी आहे हे डॉक्टरांना जरूर सांगा. आनुवंशिक असेल तर परत येण्याची शक्यता जास्त, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं.

मास्क दिवसभर शाळेत घालायचा नसतो. संध्याकाळपासून सकाळपर्यंत बारा-चौदा तास मिळाले तरी काम होतं. स्क्रू फिरवायला एक छोटी किल्ली देतात. मूल आडवं करून, मान मागे घेऊन, चांगल्या उजेडात किल्ली भोकात घालायची आणि घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं भोक दिसेपर्यंत. एका वेळी पाव मिलिमीटर. किल्लीला लांब दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळा, हातून सुटली तर घशात जाऊ नये म्हणून. काही दिवसांनी समोरच्या दोन दातांत फट दिसेल. ती टाळूची शिवण उघडल्याची खूण आहे, नंतर आपोआप मिटते. ही शिवण वयाबरोबर घट्ट होत जाते, म्हणून हे काम पंधरा-सोळाच्या आत सोपं.

मुळाक्षर (छत्रपती संभाजीनगर)

एक विरोधी मत मांडतो. आमच्या पिढीत कुणाच्या तोंडात तारा नव्हत्या आणि कुणाचं काही अडलं नाही. आता प्रत्येक मुलीला, विशेषतः मुलीलाच, ‘लग्नाच्या आधी दात नीट करून घ्या’ म्हणतात. त्यासाठी चार चांगले दात उपटायचे? आणि उपदाढा काढल्या की चेहरा बसका होतो असंही वाचलंय.

निंबोणी

मुळाक्षर, पहिल्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. स्थळ बघायला येणार म्हणून दवाखान्यात आणलेल्या मुली मी बघितल्यात, आणि मुलीची स्वतःची इच्छा नसेल तर मी परत पाठवते. दात थोडे वाकडे असणं हा आजार नाही. पण खालचे दात वरच्या हिरडीत रुतून तिथे जखम होणं, पुढचे दात खेळताना मोडणं, समोरच्या दातांनी पोळीचा तुकडाही न तुटणं, हे अडणंच आहे. आपल्या पिढीत ते लोकांनी सोसलं एवढंच.

दात काढण्याबद्दल: जागाच नसेल आणि दात आधीच ओठांना पुढे ढकलत असतील तर काढणं योग्य असतं, आणि अशा चेहऱ्यांना ओठ थोडे मागे आल्याने फायदाच होतो. उलट ज्याचे ओठ आधीच पातळ आणि मागे आहेत, त्याचे काढताना दहादा विचार करावा. रानजाईताईंच्या मुलीचा खालचा जबडा मागे असेल तर वरच्या उपदाढा काढून वरचे दात त्या मागे असलेल्या जबड्याशी जुळवणं, हा एक मार्ग आहे. चावा जुळतो आणि टिकतोही. पण वाढ शिल्लक असताना तो पहिला मार्ग म्हणून मी निवडणार नाही. वाढ संपल्यावर हाच पर्याय उरतो, किंवा फारच फरक असेल तर शस्त्रक्रिया.

आडवाट

डॉक्टर, आता चाळिशीत पुन्हा तारा नको वाटतात. तारांऐवजी दातांवर बसवायच्या पारदर्शक साच्यांनी, म्हणजे अलाइनरने, होईल का?

निंबोणी

तुमच्यासारख्या केसला, म्हणजे चावा ठीक आणि खालचे चार दात सरकलेले, अलाइनर चांगले चालतात. दिवसाला वीस-बावीस तास घालावे लागतात, चहाच्या प्रत्येक कपाला काढून ठेवले तर हिशोब चुकतो. संगणकावर दाखवतात तसंच सगळं होईल असं धरू नका. इन्व्हिझलाइन या अलाइनरच्या ब्रँडवर झालेल्या अभ्यासात ठरवलेल्या हालचालींपैकी प्रत्यक्षात झालेली हालचाल २००९ मध्ये सरासरी ४१ टक्के होती, २०२० मध्ये त्याच संशोधकांना ५० टक्के आढळली. म्हणून मधेच पुन्हा माप घेऊन नवे अलाइनर करावे लागतात, त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का ते आधी विचारा. खोल चावा उघडणं आणि फिरलेला सुळा सरळ करणं यात तारा अजूनही वरचढ आहेत. आणि घरपोच किट मागवून, तोंडात कुणी बघितल्याशिवाय अलाइनर करू नका. चाळिशीत हिरड्या आणि हाड आधी तपासावं लागतं.

मोहर

रिटेनरबद्दल थोडं. माझ्या मुलाच्या खालच्या दातांच्या आतून बारीक तार चिकटवली आहे आणि वर रात्रीची पारदर्शक ट्रे आहे. आतल्या तारेखालून साधा दोरा जात नाही, त्यासाठी पुढे कडक टोक असलेला फ्लॉस मिळतो. एकदा एका दातावर तार चिकटवणारा लेप सुटला तर तार जागेवर दिसत होती पण दात फिरायला लागला होता. म्हणून महिन्यातून एकदा नखाने प्रत्येक दातावर तपासून बघतो. आणि ट्रे कधी गरम पाण्याने धुवायची नाही, वाकडी होते.

तारा असताना हळदीने पांढरी रबरं पिवळी पडतात, राखाडी मागून घ्या. संक्रांतीचा कडक तिळगूळ, चिक्की, ऊस आणि अख्खं कणीस बंद. कणसाचे दाणे सोडून द्यायचे.

गोमती (मडगाव)

खर्चाचं कुणी विचारलं नाही तरी लिहिते, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचं औरंगाबाद) सरकारी दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात आणि आमच्याकडे बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात हे उपचार खासगीच्या मानाने पुष्कळ स्वस्तात होतात. पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि वर प्राध्यापकांची नजर असते. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून मूल सात-आठ वर्षांचं असतानाच एकदा दाखवून नाव घालून ठेवावं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सेफालोग्राम काढला. जबडा मागे आहे, वाढ भरात आहे असं मणक्यांवरून दिसतंय. लेकीशी एकटीने बोलले. ती म्हणाली, घालीन, पण कबड्डी सोडणार नाही. शाळेच्या संघात आहे. निंबोणीताई, खेळताना काय करायचं? आणि रिटेनर नक्की किती वर्षं, ते आत्ताच ऐकून ठेवते.

निंबोणी

कबड्डी अजिबात सोडायला लावू नका. खेळाच्या वेळी ट्विन ब्लॉक काढून कडक डबीत ठेवायचा, रुमालात किंवा कागदात नाही. तसा गुंडाळलेला कचऱ्यात जातो. मैदानावर माउथगार्ड घालायचा. आत्ता दात पुढे आहेत तोवर तो जास्त गरजेचा आहे, आणि पुढे तारा आल्या की तारांवर बसणारा वेगळा घ्यायचा. खेळून झालं, चूळ भरली, की ब्लॉक लगेच परत तोंडात. दिवसातला तास-दीड तास गेला तर बिघडत नाही, पूर्ण संध्याकाळ गेली तर बिघडतं. पहिल्या काही महिन्यांत दर भेटीत डॉक्टरांना सांगा की तिला जबडा सैल सोडायला लावून, मागे नेऊन अंतर मोजा. मुलं सवयीने जबडा पुढे धरतात आणि अंतर खोटंच कमी दिसतं.

रिटेनरचं: तारा काढल्यावर पहिले काही महिने तुमचे डॉक्टर सांगतील तसं. काही चाचण्यांत फक्त रात्री घालणाऱ्यांचे दातही दिवसभर घालणाऱ्यांइतकेच जागेवर राहिलेले दिसले, त्यामुळे मी बहुतेकांना लवकर रात्रीवर आणते. पुढे आठवड्यातल्या काही रात्री. किती वर्षं याचं माझं उत्तर, दात सरळ हवेत तितकी वर्षं. ट्रे झिजते, फाटते, हरवते, दर एक-दोन वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा उपचाराचा करार करतानाच रिटेनर किती मिळणार, नंतरच्या ट्रेचे किती पडतील आणि तारा काढल्यावर किती वर्षं तपासणीला बोलावणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या.